फुकट मिळणारे लीनवाले इंजिनिअर: नागपूरच्या संस्थांनी घ्यावेत का?

हिंगणा, बुटीबोरी आणि मिहानमधल्या कंपन्यांत लीन, म्हणजे कामात वाया जाणारा वेळ आणि माल कमी करण्याची टोयोटाच्या कारखान्यांतून आलेली पद्धत, शिकलेली माणसं भरपूर आहेत. त्यांतली काही शनिवारी सामाजिक संस्थांना मोफत वेळ देतात. कंपनीच्या कागदावर याचं नाव ‘प्रो बोनो’, संस्थेच्या ओसरीवर ‘कंपनीचे साहेब येऊन राहिले’. साचा बहुतेक ठिकाणी सारखाच असतो. तीन-चार जणांचं पथक येतं. त्यात एक उत्पादनातला, एक क्वालिटीचा, एखादा स्टोअर्स किंवा आयटीतला. दहा-बारा आठवडे, आठवड्याला अर्धा दिवस. शेवटी एक सादरीकरण आणि भिंतीवर लावायचे तक्ते. बिल शून्य. हे परीक्षण या सेवेचं आहे, कुठल्या एका कंपनीचं नाही.

निकाल आधीच सांगून टाकतो. जिथे तेच काम रोज शंभर-पाचशे वेळा होतं, म्हणजे अन्नवाटप, औषधवाटप, कपड्यांची छाननी, देणगीच्या पावत्या, तिथे ही सेवा घ्यावी आणि नीट राबवून घ्यावी. जिथे काम माणसागणिक बदलतं, म्हणजे समुपदेशन, कौटुंबिक हिंसेची प्रकरणं, वनहक्काचे दावे, तिथे फक्त ऑफिसच्या कागदपत्रांपुरती घ्यावी. रडत आलेल्या बाईला किती मिनिटं द्यायची हे स्टॉपवॉच ठरवणार असेल तर साहेबांना चहा-पोहे देऊन आदराने निरोप द्यावा.

आता ‘फुकट’ या शब्दाचा हिशोब. बारा आठवडे, दर शनिवारी चार तास, संस्थेचे तीन जण सोबत, म्हणजे १४४ तास. शिवाय रोज अर्धा तास मोजणी आणि नोंदी, आठवड्याचे सहा दिवस धरले तर ३६ तास. एकूण १८० तास. महिन्याला १५ हजार पगार आणि २०८ तास काम धरलं तर तासाला सुमारे ७२ रुपये पडतात, म्हणजे जवळपास १३ हजार रुपयांचा वेळ संस्था घालते. हा खर्च करण्याजोगा आहे, पण कार्यकारिणीच्या बैठकीत तो खर्च म्हणूनच मांडा. नाहीतर तिसऱ्या आठवड्यात सचिव म्हणतात, ‘आमची माणसं कामं सोडून हे काय करून राहिली?’ आणि प्रकल्प तिथेच बसतो.

कंपनीला यात काय मिळतं तेही माहीत असावं. कंपनी कायदा २०१३च्या कलम १३५ प्रमाणे, ज्या कंपनीची नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा त्याहून जास्त आहे तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. हे १ एप्रिल २०१४पासून लागू आहे. मात्र कर्मचाऱ्यांनी दिलेल्या मोफत सेवेची पैशात किंमत करून ती या २ टक्क्यांत धरता येत नाही, असं कंपनी व्यवहार मंत्रालयाने स्पष्ट केलेलं आहे. म्हणजे इंजिनिअरचा शनिवार हा कंपनीच्या सक्तीच्या खर्चाचा भाग नाही. तो सद्भावनेचा आहे, आणि सद्भावनेला उत्पादनाचं टार्गेट आडवं येतं. तिमाही संपत आली, ग्राहकाचं ऑडिट लागलं, की पथकातले दोघं गायब. हे गृहीत धरूनच वेळापत्रक आखा. मार्च, जून, सप्टेंबर आणि डिसेंबरचे शेवटचे दोन शनिवार कोरे ठेवा.

ही पद्धत सेवाभावी कामात चालते का, याचं सर्वांत ठळक उदाहरण न्यूयॉर्कचं आहे. टोयोटाने १९९२ मध्ये अमेरिकेत आपली उत्पादनपद्धती इतरांना शिकवणारं केंद्र काढलं, आणि २०११ मध्ये ते ना-नफा संस्थाच झालं. न्यूयॉर्कच्या फूड बँकेने टोयोटाकडून नेहमीसारखे पैसे न घेता इंजिनिअर घेतले. हार्लेममधल्या अन्नछत्रात पन्नासच्या आसपास माणसं बसत. आत दहा जागा रिकाम्या झाल्या की बाहेरच्या दहा जणांना सोडत, आणि जेवणासाठी दीड तासापर्यंत थांबावं लागे. बदल तीनच केले. दहाचा घोळका बंद करून खुर्ची मोकळी झाली की एकेकाला आत घेणं सुरू केलं. ताट घ्यायच्या जागेजवळ आतच रांगेची सोय केली. आणि एका माणसाला फक्त रिकाम्या जागा हेरायचं काम दिलं. थांबण्याचा वेळ १८ मिनिटांवर आला. स्टेटन आयलंडच्या वाटप केंद्रावर पिशवी भरायला ११ मिनिटं लागत, ती ६ झाली. सॅन्डी वादळानंतर मदतीचं एक खोकं भरायला ३ मिनिटं जात, तिथे ११ सेकंद लागू लागले. नवं टेबल नाही, नवी इमारत नाही. नागपूरच्या संस्थांनी यातून आकडे उचलू नयेत. उचलायचं ते एवढंच की पहिले तिन्ही बदल उभं राहून पाहिल्याशिवाय सुचण्यासारखे नव्हते.

म्हणून पथकाची पहिली परीक्षा: ते पहिल्या दिवशी कुठे जातात? गेम्बा, म्हणजे काम जिथे होतं ती जागा. पहिल्याच शनिवारी प्रोजेक्टर मागणारं पथक आणि पहिल्याच शनिवारी साडेदहाला भटारखान्यात उभं राहणारं पथक यांच्यात फार फरक असतो. दुसरं मिळालं तर नशीब समजा. पहिलं मिळालं तर प्रोजेक्टर बिघडलाय असं सांगा.

अन्नवाटपात ही सेवा काय देते ते जवळून पाहू. मेडिकल किंवा मेयोसारख्या मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या आसपास नातेवाइकांसाठी जेवण देणारं एखादं छत्र धरा. गडचिरोली, चंद्रपूर, बालाघाट, छिंदवाडा इथून आलेली माणसं. वाटपाची वेळ साडेअकरा ते एक, म्हणजे ९० मिनिटं. ताटं ५४०. ९० मिनिटांचे ५४०० सेकंद, भागिले ५४०, म्हणजे दर १० सेकंदाला एक ताट बाहेर पडलं पाहिजे. लीनमध्ये याला टॅक्ट टाइम म्हणतात. आता वाढणाऱ्या प्रत्येकाच्या हाताचा वेळ मोजायचा. किमान वीस-वीस ताटांचा, आणि रांग ऐन भरात असताना. समजा भाताला ६ सेकंद निघाले, वरणाला ५, भाजीला ९ आणि पोळ्यांना १४. मग बाकी तिघांनी कितीही हात चालवले तरी ताट दर १४ सेकंदांनीच सुटणार. ५४० गुणिले १४ म्हणजे १२६ मिनिटं. वाटप एकऐवजी एक वाजून छत्तीस मिनिटांनी संपणार.

बहुतेक संस्था इथे पाचवा वाढपी उभा करतात आणि तो नेमका भातावर जातो, कारण भाताचं पातेलं जड दिसतं. पोळीवाला मात्र गरम चळतीतून एकेक पोळी सोडवत, तीन मोजत बसलेला असतो. उपाय म्हणजे मोजणी वाटपाच्या आधी आत करायची. तीन-तीन पोळ्या घडी घालून कागदावर ठेवायच्या, खिडकीवर फक्त उचलून द्यायच्या. १४चे ७ होतात. आता सर्वांत हळू भाजी, ९ सेकंद, आणि वाटप ८१ मिनिटांत आटोपतं. हेच उलटं अंगावर येतं ते असं: उत्साहाच्या भरात सगळ्या ५४० घड्या साडेदहालाच करून ठेवतात, वाफेने पोळ्या चिकटतात, आणि सोडवण्यात पुन्हा तेवढाच वेळ जातो. घड्यांचा साठा पंधरा मिनिटांचा, म्हणजे ९०च्या वर नको. टेबलावर खडूने चौकोन आखा. चौकोन भरला की आतल्याने हात थांबवायचा, अर्धा रिकामा झाला की पुन्हा सुरू करायचं. कानबान म्हणतात ते हेच. त्यासाठी रंगीत कार्डं छापून आणायची गरज नाही.

रांगेचा अंदाजही सोपा आहे. रांगेतली डोकी मोजा आणि मिनिटाला सुटणाऱ्या ताटांनी भागा. १२० माणसं आणि मिनिटाला सहा ताटं, तर शेवटचा माणूस २० मिनिटं उभा राहणार. पोळीवर अडलेल्या रांगेत मिनिटाला जेमतेम सव्वाचार ताटं सुटतात, म्हणजे तोच माणूस २८ मिनिटं. मे महिन्यात पारा ४५च्या पुढे असताना ही आठ मिनिटं साधी नसतात. वॉर्डात पेशंट एकटा टाकून आलेल्या माणसासाठी तर नाहीतच. इथे चांगलं पथक अर्ध्या-अर्ध्या तासाची टोकनं सुचवतं: साडेअकराचं पिवळं, बाराचं हिरवं, साडेबाराचं पांढरं, प्रत्येकी १८०. टोकन सकाळी नऊला द्यायचं, तेही वॉर्डाच्या दाराशी. छत्राच्या खिडकीवर टोकन द्यायला ठेवलं तर टोकनाचीच रांग लागते, आणि असं होताना पुष्कळदा दिसतं.

एक गोष्ट कारखान्यातल्या माणसाला पटकन सुचत नाही: शिजलेलं अन्न म्हणजे नटबोल्ट नव्हे. गरम अन्न ६० अंशांच्या वर राहिलं पाहिजे. बॅच छोटी करा हा लीनचा आवडता सल्ला इथे दोन कारणांनी बरोबर ठरतो. दोन हप्त्यांत भात लावला तर शेवटच्या माणसालाही गरम मिळतो, आणि उन्हाळ्यात वरण आंबण्याचा धोका कमी होतो. पण गॅसच्या शेगड्या दोनच असतील तर दुसरा हप्ता वाटपाच्या मध्येच अडकतो. तेव्हा आधी शेगड्या मोजा आणि मग सल्ला घ्या.

यानंतर देणगीत येणाऱ्या वस्तू. लीनचा सगळा भर ओढीवर असतो: पुढच्याने मागितलं की मागच्याने बनवायचं. संस्थेत मात्र माल ढकलला जातो. पितृपक्षात नागपुरातल्या प्रत्येक अन्नछत्राला दाते आवरत नाहीत. एकाच दुपारी तीन घरची खीर आणि वडे येतात. मग पुढे दिवाळी होईपर्यंत मधले कितीतरी दिवस कोरे जातात. थंडी पडली की घोंगड्या, जूनला वह्या. कारखान्याची चौकट जशीच्या तशी लावणारा इंजिनिअर इथे ‘किमान साठा-कमाल साठा’ असा तक्ता करून देतो आणि तो पहिल्याच आठवड्यात कोलमडतो, कारण दात्याला ‘आज नको’ म्हणायची संस्थेची छाती नसते.

टोयोटाच्या पद्धतीत वाया जाण्याचे तीन प्रकार धरतात: मुदा म्हणजे निरुपयोगी काम, मुरा म्हणजे चढउतार, मुरी म्हणजे माणसावर किंवा यंत्रावर पडलेला जास्तीचा ताण. कंपनीतून येणारी पथकं मुदाच्या मागे लागतात, कारण तो दिसतो, त्याचे फोटो निघतात. संस्थांचा खरा आजार मुरा आहे, आणि त्यातूनच मुरी येते. पथकाने तुमचा चढउतार सपाट केला तर सेवा वसूल झाली असं समजा. त्याचं साधन अगदी साधं: भिंतीवर पुढच्या तीन महिन्यांचे दिवस, प्रत्येक दिवसाला एक चौकोन, एका चौकोनात एकच दाता. कोऱ्या तारखांचा फोटो दर सोमवारी दात्यांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकायचा. पितृपक्षातच द्यायचं आहे असा आग्रह असेल तर त्याच तिथीला कोरडा शिधा स्वीकारायचा, तांदूळ आणि तूरडाळ, आणि दात्याच्या नावाने पुढच्या महिन्यात शिजवायचा. दात्याला तिथी मिळते, छत्राला तारीख. फोन घेणाऱ्या माणसाला हे वाक्य पाठ असलं पाहिजे, नाहीतर तो ‘या, या’ म्हणून बसतो.

शाळेच्या साहित्याच्या बाबतीत एक स्थानिक खोच आहे. कंपनीचं मुख्यालय पुण्या-मुंबईला असेल तर वेळापत्रक तिकडच्या शाळांप्रमाणे येतं, जूनच्या मध्याला धरून. विदर्भात उन्हामुळे शाळा त्यानंतर सुरू होतात. तेवढे दिवस वह्यांचे गठ्ठे संस्थेच्या व्हरांड्यात पडून राहतात, आणि तेवढ्यात पहिला पाऊस येतो. पुरवठ्याची तारीख नागपूरच्या शाळेच्या तारखेवरून मागे मोजा.

कपड्यांच्या छाननीत या सेवेचा हात चांगला बसतो. नियम एकच: एका कपड्याला एकदाच हात लागला पाहिजे. आधी पुरुष-बायका-मुलं असे ढीग, मग त्यांतून चांगले-वाईट, मग मापं, अशा तीन फेऱ्या करणाऱ्या केंद्रात एकेक सदरा तीनदा उचलला जातो. टेबलाभोवती अर्धवर्तुळात पेट्या लावल्या, हात पोहोचेल इतक्या अंतरावर, आणि छाननी करणारी बाई एका कपड्यावर सगळे निर्णय एकदम घेऊ लागली, की दोन फेऱ्या वाचतात. पेट्यांची संख्या आठ-नऊच्या वर गेली की मात्र निर्णय अडखळतो, हात हवेत थांबतो. मोठ्यांचे बारीकसारीक माप त्या टेबलावर करू नका. फाटके आणि मळके कपडे छाननीत पकडण्यापेक्षा गोळा करतानाच अडवा. गोळा करायच्या पेटीवर ‘जे तुम्ही स्वतः घालाल तेच द्या’ असं लिहिण्याने फारसा फरक पडत नाही. फाटक्या बनियनचा आणि एकुलत्या बुटाचा फोटो, त्यावर लाल फुली, याने पडतो.

फाइव्ह एस, म्हणजे नको ते काढून प्रत्येक वस्तूला ठरलेली जागा देण्याची शिस्त, हा या सेवेतला सर्वांत जास्त विकला जाणारा आणि सर्वांत लवकर मरणारा भाग. पहिल्या महिन्यात कपाटांवर पट्ट्या, जमिनीवर पिवळ्या रेघा, झाडूला स्वतःचा खिळा. मस्त दिसतं. दिवाळीनंतर जाऊन पाहा, झाडू खिळ्याखाली उभा असतो. कारण बहुतेक वेळा आळस नसतो. लाल टॅग लावून नको असलेल्या वस्तू बाहेर काढायची पायरीच संस्थेत पार पडत नाही, म्हणून जागा मोकळी होत नाही, आणि जागा नसली की शिस्त टिकत नाही. ती पायरी का अडते? एक, ‘कधीतरी लागेल’. दोन, कपाटावर दात्याच्या आईच्या स्मृतीची पाटी आहे. तीन, आणि हे पथकाला माहीतच नसतं, सरकारी अनुदानातून घेतलेली वस्तू अनुदान देणाऱ्याच्या मंजुरीशिवाय विकता-मोडता येत नाही. बंद पडलेला संगणकही मालमत्तेच्या नोंदवहीत असतो आणि लेखापरीक्षक तो पाहायला मागतो. म्हणून लाल टॅगवर दोन रकाने वाढवा: ही वस्तू कुठल्या निधीतून आली, आणि काढायला सही कुणाची लागते. हिशोबनीस पथकात नसेल तर फाइव्ह एस सुरूच करू नका.

ऑफिसच्या कामात सर्वांत झटपट फायदा देणगीच्या पावत्यांत मिळतो, आणि नेमकं हेच काम दाखवायला सगळे लाजतात. २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून दात्याला आयकरात ८०-जीची सवलत मिळवून देणाऱ्या संस्थेला दात्यांचं विवरण फॉर्म १०-बीडीमध्ये ३१ मेपर्यंत भरावं लागू लागलं, त्यावरूनच दात्याला १०-बीई प्रमाणपत्र मिळू लागलं, आणि उशिराला दिवसाला २०० रुपये शुल्क आलं. संस्थेत होतं काय? वर्षभर पावत्या फाडल्या जातात, पॅनचा रकाना कोरा. मग एप्रिल-मेमध्ये दोन माणसं दात्यांना फोन करत बसतात. कुणी फोन उचलत नाही, कुणाचा पॅन एका अक्षराने चुकतो, कुणाचा नंबर बदललेला. चूक बारा महिने आधी झालेली आणि दुरुस्ती भर उन्हाळ्यात. यावर पोका-योके, म्हणजे चूक होऊच नये अशी मांडणी: पावतीवर पॅनचा रकाना रकमेच्या आधी छापायचा, दहा चौकोनांत. पहिले पाच चौकोन अक्षरांचे, पुढचे चार अंकांचे, शेवटचा अक्षराचा, असे फिक्या रंगात दाखवायचे. रोख २००० रुपयांच्या वर असेल तर सवलत मिळत नाही, ही ओळ दात्याच्या डोळ्यांसमोर, सहीच्या जागेवर. आणि पावत्यांची नोंद रोज संध्याकाळी संगणकावर. महिन्याचा गठ्ठा करायचा नाही. एवढ्यासाठी इंजिनिअर कशाला, असं वाटेल. पण बाहेरच्या माणसाने ‘हे दोनदा का लिहिता?’ असं विचारल्याशिवाय बहुतेक ऑफिसांत ते दोनदा लिहिणं थांबत नाही. एकाच लाभार्थीचं नाव हजेरीच्या वहीत, किराण्याच्या वहीत, आणि तीन निधीदात्यांच्या तीन वेगळ्या तक्त्यांत, असं पाचदा लिहिणारी संस्था शोधायला लांब जावं लागत नाही.

आता तक्रारी. पहिली भाषेची. तक्ते इंग्रजीत येतात. भटारखान्यातल्या मावशींना ‘स्टँडर्ड वर्क’ची पाटी म्हणजे आणखी एक पाटी. कामाची पद्धत एका ए-फोर कागदावर, मराठीत किंवा हिंदीत, मोठ्या अक्षरांत, चार-सहा फोटोंसह हवी. फोटो तिथल्याच भांड्यांचे आणि तिथल्याच माणसांच्या हातांचे. आणि तो कागद लिहिताना काम करणारं माणूस शेजारी बसलेलं असावं. नसेल तर त्यात ‘हातमोजे घाला’ असतं आणि पातेलं गरम असताना ते घालून धरता येत नाही ही गोष्ट नसते.

दुसरी, माणसं वाचवण्याची भाषा. ‘दोन मॅनपावर सेव्ह’ हे वाक्य कंपनीच्या अहवालात शोभतं. संस्थेत ते ऐकून लोक मोजमाप लपवायला लागतात, मुद्दाम हळू हात चालवतात, आणि मग सगळेच आकडे खोटे. अध्यक्षांनी पहिल्याच दिवशी, सर्वांसमोर सांगावं: यातून कुणाची नोकरी जाणार नाही, वाचलेला वेळ अमुक कामाला जाईल. ‘अमुक’ नेमकं हवं, उदाहरणार्थ वाटपानंतर वॉर्डात फिरून उठता न येणाऱ्यांना डबे पोहोचवणं. स्वयंसेवकांचा प्रश्न आणखी वेगळा. रविवारी सेवेला येणारे निवृत्त काका रांगेतल्या माणसाशी दोन शब्द बोलतात, त्याला ‘अनावश्यक हालचाल’ म्हणून तक्त्यावर मांडलं की काका पुढच्या रविवारी येत नाहीत. त्यांना खिडकीवरून उचला आणि टोकन वाटायला बसवा, तिथे बोलणं हेच काम आहे.

तिसरी तक्रार मुळातली आहे. लीनचा पहिला प्रश्न असतो: ग्राहक कोण, आणि त्याला काय हवं? कारखान्यात पैसे देणारा आणि माल घेणारा एकच असतो. संस्थेत देणारा वेगळा, घेणारा वेगळा. पथक कंपनीकडून आलेलं असल्याने नकळत देणाऱ्याच्या बाजूने मोजतं: किती ताटं, किती किट, प्रति किट खर्च. घेणाऱ्याचं मोजमाप वेगळं असतं: किती वेळ उभं राहिलो, काय न खाता टाकलं, पुन्हा आलो का. ताटात उरलेलं अन्न पदार्थवार मोजण्याची सोय कुठलंही पथक आपणहून करत नाही. मागावी लागते. तीन बादल्या, भात-पोळी-भाजी, आणि एक वजनकाटा, एवढंच लागतं. आठवडाभर मोजलं की भाजी तिखट झाली की भात कच्चा, ते आपोआप कळतं.

चौथी, माहिती आणि फोटो. मूल्यप्रवाहाचा नकाशा, म्हणजे कामाच्या पहिल्यापासून शेवटच्या पायरीपर्यंतचं चित्र, काढताना लाभार्थींच्या याद्या कंपनीच्या लॅपटॉपवर जातात. रुग्णांची नावं, आजार, मोबाइल नंबर द्यायचे नाहीत. नावाच्या जागी क्रमांक टाकून यादी द्या. रांगेचे फोटो मागून काढा, चेहरे नकोत. सुरुवातीच्याच पत्रात हे लिहून घ्या.

ते पत्र एका पानाचं पुरे. त्यात एकच काम लिहा. ‘संस्थेची कार्यक्षमता वाढवणे’ असं नको, ‘दुपारच्या वाटपात शेवटच्या माणसाचा थांबण्याचा वेळ कमी करणे’ असं लिहा. आजचा आकडा लिहा, संस्थेचा एक माणूस नावानिशी, कंपनीचा एक माणूस नावानिशी, आणि त्याची बदली झाली तर कोण. सेवा संपल्यावर तीस, साठ आणि नव्वद दिवसांनी कोण येऊन पाहणार तेही. या शेवटच्या कलमावर कंपन्या कांकू करतात, कारण त्यांचा प्रकल्प सादरीकरणाच्या दिवशी संपलेला असतो. तिथे हटून बसा. नव्वदाव्या दिवसाची भेट नाही म्हणणाऱ्या पथकाला फक्त पावत्यांचं काम द्या.

पर्यायांबद्दल थोडक्यात. केंद्र सरकारची सूक्ष्म-लघु-मध्यम उद्योगांसाठीची लीन योजना मार्च २०२३मध्ये नव्याने आली, पण ती उद्यम नोंदणी असलेल्या उद्योगांसाठी आहे, सेवाभावी न्यासांच्या कामाची नाही. अभियांत्रिकी आणि व्यवस्थापनाचे विद्यार्थी प्रकल्प म्हणून येतात. मोजणी ते इंजिनिअरांपेक्षा निष्ठेने करतात, कारण मार्क असतात. पण परीक्षा आली की संपलं. एखाद्या सेवानिवृत्त सुपरवायझरने आठवड्यातून एकदा यायचं कबूल केलं तर दोन्हींपेक्षा बरं; ज्याने तीस वर्षं शिफ्ट चालवली त्याला लोकांकडून काम करून घ्यायचं कसं ते शिकवावं लागत नाही.

गुण द्यायचेच तर अन्न आणि वस्तूंच्या वाटपासाठी पाचपैकी साडेचार, पावत्या आणि कागदपत्रांसाठी चार, साठवणुकीच्या खोलीसाठी तीन, कारण तिथे पिवळ्या रेघांच्या पुढे काम क्वचित जातं. समुपदेशन आणि हक्कांच्या कामासाठी दीड. त्यातलाही अर्धा गुण अपॉइंटमेंटची वही सुधारून देतात म्हणून.

सुरू करायचं तर जुलैच्या दुसऱ्या शनिवारी. मार्चचं हिशोबाचं ओझं आणि मेचं ऊन दोन्ही सरलेलं असतं, शाळांचं वाटप आटोपलेलं असतं, आणि पितृपक्ष यायच्या आत दात्यांची दिनदर्शिका भिंतीवर लागते. पहिल्या शनिवारी फक्त उभं राहून मोजायचं. स्टॉपवॉच मोबाइलमध्ये असतंच. सोबत पेन्सिल, पुठ्ठ्याला लावलेला कागद, आणि पथकासाठी छत्र्या.